तारीख नसलेलं ऑफर लेटर

वाकड-हिंजवडीच्या पीजीत राहणाऱ्या मुलांना ‘एक्सपिरियन्स लावणं’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पैसे मोजले की एखादी कन्सल्टन्सी दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र देते, पगाराच्या स्लिपा देते. आणखी थोडे टाकले तर पीएफही भरते, कारण बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले हल्ली पीएफची नोंद तपासतात. म्हणजे कधीच न मिळालेल्या पगाराचा पीएफ मुलगा स्वतःच्या, खरं तर बापाच्या, खिशातून भरतो.

हे खोटं आहे, त्यात वाद नको. आणि ते कंपनीपेक्षा शेजारच्या कॉटवरच्या मुलाला जास्त महागात पडतं. तो सीव्हीवर इमानदारीत ‘फ्रेशर’ लिहितो आणि पहिल्याच चाळणीत गळतो. ‘सगळेच करतात’ हे म्हणूनच मला पटत नाही.

पण इमानदारी एकट्या पोरांनीच पाळायची का? इन्फोसिसने २०२२ मध्ये कॅम्पसमधून निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांचं रुजू होणं दोन वर्षं रखडलं. पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, गवगवा झाला आणि अखेर ऑक्टोबर २०२४ ची तारीख मिळाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या आवारातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवलं. त्यांत ही थांबलेली मुलंही होती. तीन संधी देऊनही परीक्षा पास झाले नाहीत आणि तशी अट करारातच होती, असं कंपनीचं म्हणणं. असेलही. पण दोन वर्षं रिकाम्या बसलेल्या मुलाचा कोडिंगचा सराव सुटतो, हे त्या करारात कुठे मांडलं होतं?

या सगळ्यात कॉलेजं मात्र नामानिराळी राहतात. बऱ्याच ठिकाणी एक ऑफर हाती आली की मुलाला पुढच्या कंपन्यांच्या मुलाखतींना बसू देत नाहीत. मुलगा घरी फोनची वाट पाहत असतो आणि इकडे माहितीपत्रकात तो ‘प्लेस्ड’ म्हणून मोजला जातो. प्रवेशाच्या हंगामात त्याच आकड्यावर पुढची बॅच भरते.

कंपन्यांना वठणीवर आणणं प्राचार्यांच्या हातात नसेल, मोजणी तर आहे ना? रुजू होण्याची तारीख नसलेलं पत्र प्लेसमेंट म्हणून धरू नये आणि त्या मुलाला पुढच्या कंपनीला बसू द्यावं. टक्केवारी खाली येईल. येऊ द्या.