लस आणि लेंकरें

देवीच्या रोगाचें पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. वैद्यकाच्या इतिहासांत याहून निर्भेळ विजय क्वचितच सांपडेल. तथापि त्याच्या मुळाशीं असलेला एक प्रश्न आमच्या मतें अद्याप सुटलेला नाहीं: ज्याला संमति देण्याची समज नाहीं, त्याच्या देहावर लोकहितासाठीं प्रयोग करण्याचा अधिकार वैद्याला कोठून आला?

एडवर्ड जेन्नर यानें १४ मे १७९६ रोजीं आपल्या माळ्याच्या ८ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्स याला, गोदेवीची लस टोचली. आणि जुलैंत त्याच पोराच्या अंगांत खऱ्या देवीचें विष मुद्दाम घातलें. मूल आजारी पडलें नाहीं. त्यानें स्वतःवरच प्रयोग कां केला नाहीं, असें विचारणें सोपें आहे. पुढें १८९७ च्या जानेवारींत हाफकीननें मुंबईस प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परंतु जेन्नरला लहानपणींच खऱ्या देवी टोचलेल्या होत्या. त्याच्या देहानें कांहींच सिद्ध झालें नसतें. या परीक्षेला देवी न आलेला देहच हवा होता, आणि असा देह बहुधा मुलाचा असे. शिवाय खऱ्या देवी टोचण्याची चाल त्या काळीं रूढच होती, हेंही त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

स्पेनच्या राजाची गोष्ट निराळी. लांबच्या प्रवासांत लस निकामी होई. म्हणून ३० नोव्हेंबर १८०३ रोजीं ला कोरुन्याहून निघालेल्या बाल्मिसच्या जहाजावर २२ अनाथ मुलगे चढविण्यांत आले. एका जोडीच्या दंडावरील फोड पिकले कीं त्यांतील लस पुढच्या जोडीला टोचावयाची. अशा रीतीनें ती अटलांटिक ओलांडून गेली. त्या मोहिमेनें असंख्य जीव वांचविले, यांत संशय नाहीं. पण निवड अनाथांचीच कां व्हावी? सरदारांच्या घरीं देवी न आलेलीं मुलें नव्हतीं काय? धोका थोडा होता, हें उत्तर पुरेसें नाहीं; थोडा होता तर तो वांटून घेण्यास इतरांनीं पुढें यावयास हवें होतें. ‘नको’ म्हणणारें कोणी त्यांच्या मागें नव्हतें, हीच त्यांची पात्रता!

हिंदुस्थानांतील पहिली लस मुंबईस १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला टोचली गेली, व तिच्या दंडावरून पुढें इतर मुलांना. तिचें नांव तरी राहिलें. फिप्सला जेन्नरनें पुढें राहावयास बिनभाड्याचें घर दिलें. बाल्मिसबरोबर गेलेले बहुतेक मुलगे मेक्सिकोंतच राहिले. फिलिपाईन्सकडे जाणाऱ्या जहाजासाठीं तेथून नवीं २६ मुलें घेण्यांत आलीं.