अवधान हीच भूतदया

॥ जय जय रामकृष्णहरि ॥

संसारात राहणाऱ्या माणसाला मोठी दुःखे सोसता येतात, पण दुसऱ्याच्या बेफिकिरीचा लहानसा काटा सोसवत नाही. पूर आला, पीक वाहून गेले, तर मनुष्य ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणतो आणि पुन्हा नांगराला हात घालतो. परंतु शेजाऱ्याने गुरे नीट बांधली नाहीत आणि रात्रीतून त्यांनी उभी ज्वारी खाल्ली, तर ते दुःख वर्षभर जिरत नाही. कारण पुरामागे कोणाचे मन नसते. मोकळ्या सुटलेल्या गुरामागे एका माणसाचे न लागलेले मन असते. तेच आपल्याला टोचते.

असे काटे रोज किती लागतात पाहा. सार्वजनिक नळ वाहता ठेवून एकजण निघून जातो, आणि आळीच्या टोकाच्या घरी घागर रिकामी राहते. सरकारी कागदावर नावातले एक अक्षर चुकते, आणि ते नीट करून घेण्यासाठी बिचारा शेतकरी तालुक्याला हेलपाटे घालतो. कोणी केळीची साल वाटेवर फेकतो, पाठीमागून येणारी म्हातारी घसरून पडते. कीर्तन रंगात आलेले असते, बुवा शेवटच्या चरणावर आलेले असतात, आणि कोणाच्या खिशातला मोबाईल वाजू लागतो. बरे, तो बंद करावा की नाही? तर हे गृहस्थ तेथेच बसून मोठ्याने विचारतात, “हां, बोला, कोण बोलतंय?”

यांना जाब विचारावा तर उत्तर ठरलेले. “अहो, लक्ष नव्हते हो. मुद्दाम थोडेच केले?”

वाचकहो, आज याच दोन शब्दांचा विचार करावयाचा आहे. ‘लक्ष नव्हते.’ हे म्हणणारा मनुष्य समजतो की आपण निर्दोष ठरलो. आम्हांस वाटते, त्याने आपला दोष नेमका सांगितला. लक्ष नव्हते हाच तर दोष! आणि ऐकणारा जो संतापाने लाल होतो, त्याचाही विचार केला पाहिजे. तो काट्याने एकदा दुखावला जातो आणि रागाने दिवसभर.

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत अहिंसा हे लक्षण येते, आणि तिला लागूनच क्षांती, म्हणजे सहनशीलता, येते. या दोघी शेजारणी का, हे ध्यानात घेतले म्हणजे आजच्या विषयाची किल्ली हाती लागते. बेफिकीर माणसाने अहिंसेकडे पाहावे; ज्याला त्याचा त्रास झाला त्याने क्षांतीकडे.

प्रथम अहिंसा. माउलींनी ज्ञानेश्वरीत या एका शब्दावर पुष्कळ ओव्या खर्च केल्या आहेत. आपण समजतो, हिंसा म्हणजे सुरी, काठी, मारामारी. माउली कोठे नेतात? तर पावलाकडे! अहिंसक पुरुष चालतो कसा, तर बगळा जसा लाट न मोडता पाण्यात पाय टाकतो तसा. भ्रमर जसा केसर चुरगळेल या भीतीने कमळावर हलकेच उतरतो तसा. मातीच्या कणाकणांत जीव भरलेले आहेत हे जाणून तो दयेच्या आधाराने पाऊल ठेवतो. म्हणजे माउलींच्या मते अहिंसेची परीक्षा रणांगणावर होत नाही. रोजच्या चालण्यात, पाहण्यात, बोलण्यात, हात उचलण्यात होते. ज्याचे पावलाकडे लक्ष नाही, त्याच्या मनात वैर नसले तरी त्याच्या पायाखाली जीव मरतोच. मुंगीला काय ठाऊक, पाय रागाने पडला की नकळत पडला?

हे मुंगीपुरतेच नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ या दिवशी कार्तिकीसाठी पंढरीला पायी निघालेल्या कोल्हापूरकडच्या एका दिंडीत, सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ, एक मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. त्या घटनेचा न्याय करणे आमचे काम नव्हे. परंतु जो जो वारकरी रस्त्याने चालतो, त्याला हे ठाऊक आहे की आपला जीव पाठीमागून येणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या अवधानावर टांगलेला आहे. आणि आपण स्वतः जेव्हा गाडीवर बसतो, तेव्हा कोणा दुसऱ्याचा जीव आपल्या अवधानावर टांगलेला असतो. तेथे ‘लक्ष नव्हते’ या शब्दांना किंमत काय उरते? म्हणून आम्ही म्हणतो, अवधान हीच भूतदया आहे. कपाळाला गंध, गळ्यात तुळशीमाळ आणि हातात वाहता सोडलेला नळ, हे जमावयाचे नाही.

येथे कोणी म्हणेल, “महाराज, आम्ही नामात दंग असतो. देहभान राहत नाही. गोरोबाकाकांचे नाही का झाले?” ही शंका परमार्थाच्या वाटेवर फार जुनी आहे, आणि तिचे समाधान केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

तेरचे गोरोबाकाका भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवीत होते आणि त्यांचे रांगते मूल त्यांच्याच पायाखाली आले, ही कथा महिपतीबोवांच्या ‘भक्तविजया’तून घरोघर पोचली आहे. पण ती नीट ऐकावी. पोथीने त्या आईचा आक्रोश लपवलेला नाही. ती पाण्याला जाताना मुलाकडे पाहा म्हणून सांगून गेली होती, हेही लपवलेले नाही. ‘भक्ताकडून झाले म्हणून ठीकच झाले’ असे कथा कोठेही म्हणत नाही. शेवटी कीर्तनात मूल परत आले हे खरे. पण ते देवाने केले. गोरोबांसारखे चित्त एका ठिकाणी संपूर्ण बुडाले, तर मागचे सारे सांभाळण्यास देवाला धावावे लागते. आपले चित्त कोठे बुडालेले असते? शेजाऱ्याच्या भानगडीत, निवडणुकीच्या गप्पांत, नाही तर हातातल्या मोबाईलमध्ये. शिवाय आपले देहभान असे हरपते की पंगतीत तूप वाढणारा पुढे सरकला की लगेच ते परत येते! ही तल्लीनता गोरोबांच्या पदरात टाकू नये.

आणि याच गोरोबांची दुसरी कथा आपण विसरतो. संतमंडळी जमली असता त्यांनी हातात थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे पाहिले. त्यात नामदेवराय कच्चे ठरले आणि पुढे गुरूच्या शोधात निघाले. आता कुंभाराचे हे काम कसे असते? प्रत्येक भांड्यावर वेगळी थाप, आणि प्रत्येक थापेचा नाद ऐकण्यास कान जागा. एक भांडे न पाहता पुढे सरकवले तर ते घेणाऱ्याच्या चुलीवर फुटणार. एवढे अवधान ज्याच्या हातात होते त्याच्या नावावर आपण आपला गलथानपणा खपवावा, हे शोभत नाही.

आता क्षांतीकडे वळू. ज्याच्या पायाला काटा लागला त्याने काय करावे?

लोकांना दोन वाटा ठाऊक आहेत. एक, तोंडाला येईल ते बोलणे. आणि ऐकणारा निघून गेला तरी घरी येऊन बायकामुलांवर तो राग काढणे. दुसरी, “जाऊ द्या, पांडुरंग पाहून घेईल” म्हणून गप्प बसणे आणि आत धुमसत राहणे. पहिलीत अहिंसा जाते. दुसरीत क्षांतीचे नुसते सोंग राहते. संतांची वाट तिसरी आहे, आणि ती नाथमहाराजांनी स्वतः चालून दाखवली आहे.

ज्ञानेश्वरी नेवाशास शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पुरी झाली. सच्चिदानंदबाबांनी ती आदराने लिहून घेतली. तेव्हा छापखाना नव्हता. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी हाताने नक्कल होत गेली. नक्कल करणारे कोणी दुष्ट नव्हते. श्रद्धेनेच लिहीत होते. पण कोणाचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरला असेल, कोणाला जुना शब्द कळला नसेल म्हणून त्याने ओळखीचा घातला असेल. प्रत्येकाची चूक केवढी? एका अक्षराची. परंतु तीनशे वर्षे जवळ आली तेव्हा माउलींची वाणी ठिकठिकाणी झाकली गेली होती. बेफिकिरी अशीच असते. करणाऱ्याला ती अक्षराएवढी दिसते, आणि भोगणाऱ्या पिढ्यांच्या वाट्याला पोथीएवढी येते.

हे पाहून नाथांच्या जिवाला काय वाटले असेल! ज्या ग्रंथावर प्राण ओवाळावा, त्याची ही दशा. आपण असतो तर ‘कोणत्या गाढवाने हे लिहिले?’ येथून सुरुवात केली असती. नाथांनी पोथ्या मिळवल्या, ओवीशी ओवी ताडून पाहिली, आणि शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतराने अशुद्ध झाला, एवढेच ते सांगतात. चुकणाऱ्या एकाचेही नाव घेत नाहीत. मात्र पुढच्यांनी यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत, अशी स्पष्ट ताकीद देतात.

यात क्षांतीची तिन्ही अंगे आली. मागच्यांना दूषण नाही. झालेली नासाडी आपल्या हाताने निस्तरणे आहे. आणि पुढे तसे होऊ नये म्हणून स्वच्छ शब्दांत बोलणेही आहे. क्षांती म्हणजे मुकाट्याने मार खाणे असे जे समजतात, त्यांनी ही ताकीद विसरू नये. बेफिकिरांमुळे मनात जो वैताग उठतो, त्याचे शुद्धीकरणात रूपांतर करणे, हे नाथांचे देणे आहे. त्या वैतागाचे त्यांनी जळण केले असते, तर आपल्या हाती आज राख असती.

“पण बोलावे कसे? बोलायला गेले की भांडण होते,” असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तर आपण दरवर्षी आषाढीच्या वाटेवर डोळ्यांनी पाहतो. माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की समाज आरतीसाठी सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळमृदंगांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते ऐकतात, त्याचा निवाडा करतात, आणि तो झाला की तिचेही टाळ शांत होतात. कोणाची वस्तू हरवली, कोणाला सापडली, हे पुकारून सांगतात. उद्या कधी निघावयाचे ते सांगतात. नंतर आरती.

या रिवाजात किती शहाणपण आहे! गाऱ्हाणे दाबून ठेवा असे वारी म्हणत नाही. ते सांगण्यास जागा देते, वेळ देते, आणि ऐकून घेणारा माणूसही देते. परंतु ते सांगावयाचे टाळ वाजवून, देवासमोर. शिव्या देऊन नव्हे, चार दिवसांनी पाठीमागेही नव्हे. आणि निवाडा झाला की टाळ थांबलाच पाहिजे. गाऱ्हाणे मिटल्यावरही जो मनात टाळ कुटीत बसतो, त्याच्या कानावर उद्या निघण्याची वेळ पडत नाही. दुसऱ्याच्या बेफिकिरीने असा त्याचा स्वतःचा अवधानही जातो; काल ज्याच्यावर चिडला, आज त्याच्याच पंगतीला तो बसतो.

तेव्हा तात्पर्य काय घ्यावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी नित्यनेमात घालाव्यात.

पहिली, हाताखालच्या कामात हात आणि मन एकत्र ठेवावे. नळ बंद करताना नळ, दार लावताना दार, गाडी हाकताना रस्ता. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांपाशी दुसरे काही मागत नाहीत, अवधान मागतात. आणि त्याच्या बदल्यात सर्व सुखाची हमी देतात. जो दिवसभर अवधान उधळतो, तो संध्याकाळी कीर्तनात ते कोठून आणणार? रोजच्या कामात सांभाळलेले अवधानच देवापुढे कामास येते.

दुसरी, आपल्या अंगावर पडेल ते सोसावे. पण दुसऱ्याच्या जिवावर पडत असेल तेथे बोलावे. आपल्या पायावर कोणी पाय दिला तर ‘असो, माउली’ म्हणावे. परंतु दिंडीच्या गाडीचा चालक मोबाईलवर बोलत असेल, तर पाठीमागे वीस जीव बसले आहेत हे जाणून त्याला तेथल्या तेथे, हात जोडून आणि ठामपणे, थांबवावे. तेथे गप्प बसणे ही भक्ती नव्हे.

तिसरी, बोलून झाले की हाताने काही निस्तरता येत असेल तर निस्तरावे आणि टाळ थांबवावा. साल उचलून बाजूला टाकावी. नळ फिरवावा. भजनात एखाद्या नवख्या टाळकऱ्याचा ठेका चुकला तर जाणता मृदंगवादक काय करतो? मृदंग खाली ठेवून त्याला रागे भरत नाही; थाप जरा ठळक देतो. दोन आवर्तनांत तो पोरगा आपोआप ठेक्यावर येतो, आणि भजनही मोडत नाही.

सज्जनहो, अशी ठळक थाप देणारे होऊ या. जगातली बेफिकिरी आपल्या रागाने संपावयाची नाही; पण आपल्या दारापुढून ती एका पावलाने मागे सरेल, तर पाठीमागून येणाऱ्या कोणा म्हातारीचा पाय सावरेल. त्या म्हातारीच्या रूपाने कोण चालत असते, हे वारकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!