कंप आणि अधिकार

ध्यानाला बसलेल्या माणसाचं अंग कापू लागलं तर शिकवणाऱ्यानं त्याला काय सांगावं? योगदर्शन शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच. पतंजलींनी त्याचं उत्तर समाधिपादातच देऊन ठेवलं आहे. चित्ताला विखुरणारे नऊ अंतराय सांगून झाल्यावर त्या विक्षेपांचे सोबती म्हणून ते चार गोष्टी मोजतात: दुःख, दौर्मनस्य, अंगाची थरथर आणि श्वास-प्रश्वासांची ओढाताण. थरथर ही तिथे चित्त विखुरल्याची खूण आहे. तिच्यावर उपाय म्हणून ते एका तत्त्वाचा अभ्यास सांगतात आणि पुढे निघून जातात.

आता मालिनीविजयोत्तर तंत्र उघडावं. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी ज्याला आपल्या तंत्रालोकाचा पाया मानलं, तो हा त्रिक या शैव परंपरेचा ग्रंथ. त्यात साधना रुजू लागल्याच्या पाच खुणा येतात: आनंद, उद्भव, कंप, निद्रा आणि घूर्णी. इथे तीच थरथर मार्गावरचा टप्पा ठरते. तंत्रालोकाच्या पाचव्या आह्निकात अभिनवगुप्त या पाचही खुणा एकेक करून उलगडतात आणि कंपाला त्यांच्यात मानाचं स्थान देतात.

दोन्ही ग्रंथ थोर, दोन्ही अनुभवाच्या बळावर बोलणारे, आणि एकाच थरथरीबद्दल दोघांचं म्हणणं उलट. आजच्या साधकापर्यंत मात्र बहुतेक वेळा तिसरंच उत्तर पोचतं: ‘तुमची कुंडलिनी जागी होतेय.’ हे उत्तर पतंजलींचं नाही, कारण योगसूत्रांत कुंडलिनीचा उल्लेखच नाही. ते मालिनीविजयोत्तराचंही नाही, कारण तिथल्या कंपामागे दीक्षा, मंत्र, गुरू आणि दीर्घ उपासना गृहीत धरलेली आहे. दोन वैद्यांची औषधं एकाच बाटलीत ओतून रोग्याच्या हाती द्यावीत तसा हा प्रकार आहे. योगाचं तत्त्वज्ञान, तंत्र आणि ध्यान हे तिन्ही आज एका आठवड्याच्या शिबिरात शिकवले जातात. त्यात दोष वेळेचा कमी आणि या मिसळीचा जास्त आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

अभिनवगुप्त त्या पाच खुणांची कारणं देतात, आणि त्या कारणांपाशी थोडं थांबायला हवं. आनंद होतो तो परिपूर्णतेचा नुसता स्पर्श झाला म्हणून. मग देहाची पकड क्षणभर सुटते आणि उसळी मारल्यासारखं होतं. त्यानंतर कंप येतो. कितीतरी काळ देहाशी जखडून ठेवलेलं मी-पण आपल्या मूळ बळाशी गाठ पडताच सैल होऊ लागतं, आणि त्या सैल होण्यानं देह हलतो. पुढे बाहेरचं मावळतं पण चैतन्यात अजून पाय रोवलेला नसतो, ती निद्रा. आणि सगळं आपलंच रूप आहे हे उमगल्यावरची जी मत्त अवस्था, ती घूर्णी. या सगळ्या क्रमात स्नायूंना किंवा मणक्याला झालेल्या संवेदनांना स्वतंत्र मोल नाही. मोल आहे ते मी-पणाची गाठ ढिली होण्याला.

म्हणूनच अंग किती कापलं, डाव्या बाजूला की उजव्या बाजूला, उष्णता कुठपर्यंत चढली, या चौकशीतून शिकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. गाठ ढिली झाली का, एवढंच विचारायचं असतं. आणि इथे पतंजलीही त्याच प्रश्नाशी येऊन उभे राहतात, कारण अस्मिता हा त्यांच्या पाच क्लेशांतला दुसरा क्लेश आहे आणि क्लेश क्षीण करणं हे क्रियायोगाचं सांगितलेलं प्रयोजन आहे. थरथरीला एकानं अडसर म्हटलं, दुसऱ्यानं टप्पा म्हटलं. पण ती कशावर पारखायची याबद्दल दोघांत फारसं अंतर उरत नाही.

एका वर्गात एका साधिकेचे हात ध्यानाला बसल्यावर जोरानं थरथरत असत. ती घाबरलेली होती आणि थोडी सुखावलेलीही. कुणीतरी तिला मोठमोठे शब्द सांगितले होते. मी तिला आधी विचारलं ते जेवण, झोप आणि औषधांबद्दल. झोप अगदी तुटपुंजी होती आणि पहाटे उपाशीपोटी दीर्घ कुंभक चालले होते. कुंभक थांबवले, डॉक्टरांकडे जायला सांगितलं, ध्यानाचा वेळ थोडा ठेवला. थरथर गेली. तिला याचं वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं हाच माझ्या मते तिच्या साधनेतला पहिला खरा धडा होता, कारण त्या थरथरीभोवती मी-पणाची नवी गाठ बसू लागली होती. याहून गंभीर प्रसंगही येतात. कुणाची झोप पूर्ण उडते, कुणाला आवाज ऐकू येतात, कुणाचं दबलेलं जुनं दुःख अनावर होतं. अशा वेळी साधना तात्काळ थांबवून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हे शिकवणाऱ्याचं कर्तव्य आहे. नऊ अंतरायांच्या यादीची सुरुवात पतंजली व्याधीपासून करतात आणि तिच्यात भ्रांतिदर्शनालाही जागा देतात, हे विसरू नये.

दर्शनांमधला फरक जपायला हवा तो पांडित्य म्हणून नव्हे. डोळे मिटल्यावर पुढच्या क्षणी काय करायचं, ते त्या फरकावर ठरतं. मन आलंबनावरून सुटलं, समजा. पातंजल वाटेनं जाणारा ते परत आणतो, पुन्हा परत आणतो, आणि जे दिसलं ते द्रष्ट्याहून वेगळं आहे हा विवेक हळूहळू पक्का करतो. त्याचं गंतव्य कैवल्य आहे. दृश्यापासून मोकळं होणं आहे. अभिनवगुप्तांच्या प्रत्यभिज्ञेच्या, म्हणजे स्वतःला शिव म्हणून ओळखण्याच्या, वाटेनं जाणाऱ्याला मन जिथे गेलं तिथेच त्याच्या उगमाकडे पाहायला शिकवलेलं असतं, कारण शिवावाचून जायला दुसरी जागाच नाही अशी त्याची धारणा आहे. त्याला जग सोडायचं नाही, ते आपलीच शक्ती म्हणून ओळखायचं आहे. म्हणून भैरवी मुद्रेत लक्ष आत असतं आणि डोळे उघडे, न मिटणारे. या दोन सूचना एकाच बैठकीत, एकाच दमात दिल्या तर नवखा साधक दोन्हीकडून जातो. मन आणायचं की सोडायचं हेच त्याला ठरवता येत नाही, आणि तो शांतपणाच्या एखाद्या बऱ्या वाटणाऱ्या धुक्यात बसून राहतो. वर्षंच्या वर्षं असं बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची निष्ठा पाहिली की त्यांच्या शिकवणाऱ्यांचा राग येतो.

विज्ञानभैरव या त्रिकातल्याच ग्रंथाचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. काश्मीर ग्रंथमालेत 1918 साली ते छापलं गेलं. 1957 साली पॉल रेप्स यांनी काश्मीरच्या स्वामी लक्ष्मणजूंच्या साहाय्यानं त्यातल्या धारणा इंग्रजीत आणल्या; 1972-73 मध्ये मुंबईत ओशोंनी त्यावर दीर्घ प्रवचनमाला दिली. आज जगभरच्या ध्यानवर्गांत ते सर्वांत लाडकं तंत्र आहे, आणि ते का लाडकं आहे हे समजण्यासारखं आहे. त्यातल्या 112 धारणांमध्ये शिंक येतानाचा क्षण आहे, भुकेची सुरुवात आणि शेवट आहे, जेवणाची गोडी आहे, फार दिवसांनी आप्त भेटल्यावर उसळणारा आनंद आहे. संसारी माणसाला आपलं रोजचं जगणं तिथे दिसतं. पण ग्रंथ सुरू होतो तो देवीच्या प्रश्नानं: सगळं ऐकून झालं, तरी संशय गेला नाही, भैरवाचं खरं रूप कोणतं? त्रिकातली गुंतागुंतीची मांडणी ऐकून पचवलेल्या श्रोत्याचा हा प्रश्न आहे. आणि ग्रंथ संपतो तो ही विद्या कुणाला देऊ नये हे सांगून. सुरुवातीचा प्रश्न आणि शेवटची अट काढून मधल्या धारणा वाटल्या की ग्रंथाचा कणाच जातो. शिंकेचा क्षण सगळ्यांना येतो. तिथे काय पाहायचं हे ज्याला आधी ऐकवलेलं आहे त्यालाच तो उपयोगी पडतो.

तंत्राच्या बाबतीत अज्ञान तर याहून दाट आहे. तंत्र म्हणजे कामक्रीडा ही समजूत विकली जाते, आणि घेणारे ती घेतात. तंत्रालोकाची 37 आह्निकं आहेत. त्यांत दीक्षेचे प्रकार आहेत, मंत्रविचार आहे, षडध्वांचं विवेचन आहे, अंत्येष्टी आणि श्राद्ध आहे, व्रतं आणि पर्वं आहेत. ज्याचा एवढा गाजावाजा होतो तो कुलयाग एकोणतिसाव्या आह्निकात येतो, आणि तोही मोजक्या अधिकाऱ्यांसाठी. चक्रांचंही तसंच. कुठल्या तंत्रात सहा, कुठे पाच, कुठे नऊ, कुठे बारा. सहाची मांडणी जगभर गेली ती सोळाव्या शतकातल्या पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपणाच्या वुड्रॉफकृत इंग्रजी अनुवादामुळे, 1919 साली. त्या ग्रंथात अनाहत चक्र बंधूक फुलासारखं, म्हणजे आपल्या दुपारीच्या फुलासारखं लाल आहे. भिंतीवरच्या तक्त्यांत ते हिरवं असतं, कारण ते इंद्रधनुष्याचे रंग फार अलीकडचे. चक्र शरीरात सापडत नाही, ते मंत्र आणि भावनेनं तिथे स्थापलं जातं, आणि ज्या परंपरेची उपासना तिचीच मांडणी खरी धरायची असते. एवढं स्पष्ट सांगितलं तर साधकाचा हिरमोड होत नाही, त्याला उलट हुरूप येतो. मला हा अनुभव पुन्हा पुन्हा आला आहे.

स्वामी कुवलयानंदांचा आदर्श म्हणूनच मला मोलाचा वाटतो. 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ निघू लागलं. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटात काय होतं ते त्यांनी क्ष-किरणांखाली तपासलं, आतड्यात निर्माण होणारी पोकळी दाबमापकानं मोजली आणि तिला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. जे मोजता येतं ते मोजायचं. जे मोजण्याच्या पलीकडचं, त्याला मोजमापाचा खोटा आधार द्यायचा नाही. योगाला विज्ञानाचं प्रमाणपत्र जोडण्याची घाई झालेल्या आजच्या काळात हा संयम दुर्मीळ आहे.

मराठी साधकाला या सगळ्याकडे जाण्याची एक स्वतःची वाट आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे शिक्षक करतात. तंत्रालोकाच्या आरंभी अभिनवगुप्त मच्छंदाला, म्हणजे मत्स्येंद्रनाथांना वंदन करतात. त्याच मत्स्येंद्रनाथांपासून गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी परंपरा ज्ञानेश्वरांपर्यंत येते. अमृतानुभवात ज्ञानेश्वर शिवसूत्रांचं नाव घेतात. म्हणजे अभिनवगुप्तांचं श्रीनगर आणि ज्ञानेश्वरांचं नेवासे यांच्यामध्ये एक जिवंत दुवा आहे, आणि तो आपल्या घरातल्या पोथीत आहे. गीतेचा सहावा अध्याय बैठकीबद्दल शुचि जागा, स्थिर आसन, सरळ मान आणि नासाग्रदृष्टी एवढंच सांगतो. ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर त्या मोजक्या श्लोकांवर बंध, प्राणाचा प्रवास आणि कुंडलिनीचं जागणं यांचं भव्य वर्णन उभं करतात आणि हे नाथपंथाचं मर्म आहे हेही सांगून टाकतात. गुप्त ठेवलेली विद्या शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, लोकभाषेत अशी उघड बोलली गेली.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्या वर्णनानंतर येणारं. अर्जुन विचारतो की हा योग कुणालाही साधेल का, की त्याला काही योग्यता लागते? आजच्या प्रत्येक वर्गातला हा प्रश्न आहे. ज्ञानेश्वरांचे श्रीकृष्ण सांगतात की योग्यतेची काही खाण नसते, ती काम साधण्यावरून कळते. थोडी विरक्ती आली आणि देहाचे व्यवहार नियमात आले की तो माणूस अधिकारीच आहे. जात नाही, संन्यास नाही, विद्वत्ता नाही. लगेच पुढे मात्र अट येते: जिभेचा गुलाम झालेला आणि झोपेला विकला गेलेला या मार्गाचा अधिकारी नाही; तसाच हट्टानं तहानभूक मारणाराही नाही. बाराव्या अध्यायात तर हेच ज्ञानेश्वर या योगमार्गाचे हाल सांगून भक्तीची वाट सोपी म्हणून पुढे करतात. दार सताड उघडं ठेवून उंबरठाही नेमका दाखवणारा असा शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

तेव्हा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना एक विनंती आहे. कोणती सूचना कोणत्या दर्शनातली हे प्रत्येक वेळी सांगा आणि विचारा. एका वेळी एकच वाट निदान काही वर्षं धरा. योगसूत्रं व्यासभाष्यासह वाचा, आणि तंत्राकडे वळायचं असेल तर मूळ ग्रंथ जाणणाऱ्या माणसापाशी बसा. आणि पुढच्या वर्गात कुंडलिनीचा विषय निघाला, तर आधी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय अर्जुनाच्या त्या प्रश्नापर्यंत मोठ्यानं वाचा, आणि प्रश्नाचं उत्तरही वाचल्याशिवाय पोथी मिटू नका.