धडा

रायपूरचा गोल बाजार, संध्याकाळचे सात. मालवीय रोडवरून आत वळा. मनन म्हटलं तरी डोळे मिटायचे नाहीत. इथे मिटलेत तर मागून सायकलचं हँडल बरगडीत बसेल. किराण्याच्या एखाद्या दुकानापाशी कडेला उभे राहा. पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घ्या.

आता काट्याकडे बघा.

तुपासाठी कुणीतरी घरचा डबा आणलाय. दुकानदार तो आधी रिकामाच ठेवतो. आकडे क्षणभर फडफडतात, ठरतात. मग तो कळ दाबतो, शून्य येतं. जुन्या तागडीवर यालाच धडा करणं म्हणत: एका पारड्यात रिकामं भांडं, दुसऱ्यात खडे, लोखंडाचा तुकडा, हाताला लागेल ते. दोन्ही पारडी सारखी झाली की मग माल. गिऱ्हाइकाला डब्याचे पैसे पडू नयेत, एवढ्यासाठी.

आजचा दिवस असाच काट्यावर ठेवा. सावकाश.

हातून खरोखर काय झालं? चाळीस बिलं, दोन फोन, एक चुकलेली नोंद शोधून काढली. हा माल. आणि डबा? साहेबांचा सकाळचा सूर. वीस तारखेला जीएसटीचं विवरणपत्र भरायचंय, आज अठरा, म्हणून पोटात आलेला गोळा. शेजारच्या टेबलावरची कुजबुज, जी कदाचित तुमच्याबद्दल नव्हतीच. आपण दोन्ही एकत्र तोलतो आणि घरी जाऊन सांगतो, आज काम फार होतं.

श्वास घ्या. हिंग, धणे, जे येईल ते येऊ द्या. सोडताना जरा लांबवा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. त्याला आसन लागत नाही, उदबत्तीही नाही. ती तर याच बाजारात ढिगाने मिळते.

पुन्हा एकदा. मनातला आकडा अजून फडफडतोय? फडफडू द्या. दुकानदार डबा ठेवून हात काढून घेतो, ते बघा. डब्याला हात लागलेला असेल तर काटा ठरत नाही.

बिलं-नोंदींवरून याच शहरातलं एक नाव आठवतं. माधवराव सप्रे 1926 साली रायपुरातच गेले. टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणलं, समर्थांचा ‘दासबोध’ही. त्या दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास आहे. बैराग्याने कारकुनाला शिकवावं, याची मला दर वेळी गंमत वाटते. अक्षराचं वळण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असावं, हे त्यात आहेच. पण मी अडतो तो कागदाच्या कडांपाशी. चहूकडे जागा मोकळी सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षर जात नाही.

तुमच्या आजच्या पानाला कड होती का? दुपारचा डबा खाताना समोर स्क्रीन चालू होती का? उत्तर नको. नुसतं आठवा.

तूप ओतलं जातंय. धार बारीक होत होत तुटते. दुकानदार डब्याच्या काठावरचा ओघळ कागदाने पुसतो, झाकण दाबून बसवतो. गिऱ्हाईक फोन पुढे धरतं, गल्ल्यावरची पेटी रक्कम बोलून दाखवते.

नुसत्या तुपाची.

पिशवी पुन्हा डाव्या हातात घ्या.