कात्री कोणाच्या भीतीची?

ग्रिम बंधूंच्या परीकथांचा पहिला खंड १८१२ मध्ये निघाला आणि शेवटची, सातवी आवृत्ती १८५७ मध्ये. मधल्या काळात धाकट्या विल्हेल्मने या गोष्टींवरून पुन्हापुन्हा हात फिरवला. त्यातून काय गेले आणि काय आले हे ताडून पाहिले, तर मोठ्यांच्या मनाचा ठाव लागतो. रापुंझेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले असे भाबडेपणाने विचारते. गरोदरपणाची ही खूण गाळली गेली. स्नो व्हाइटच्या जिवावर उठलेली सख्खी आई १८१९ मध्ये सावत्र झाली. भुकेपायी हॅन्सेल-ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी आईही १८४० पर्यंत सावत्र झाली होती. मुलांना भीती वाटू नये म्हणून हे केले म्हणावे, तर त्याच १८१९ च्या आवृत्तीत सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरांनी फोडल्याचा प्रसंग नव्याने घातला गेला. रक्त चालले, शिक्षा चालली. सख्खी आई निर्दय असू शकते, हे मात्र चालले नाही. ही भीती मुलांची नव्हे, आपली आहे. आपल्या बालपणाचे आणि आईपणाचे सोवळे चित्र जपायला आपण मुलांची पुस्तके राबवतो. त्याची किंमत घरात खरोखर सावत्र आई असलेले मूल मोजते, याचे मला फार वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल, की मुले खरेच घाबरतात, रात्री दचकून उठतात. खरे आहे. पण त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाने शेजारी बसून वाचावे, नको तिथे थांबावे. एका मुलाची झोप जपण्यासाठी सगळ्यांच्या पुस्तकातून पान काढावे लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग जुन्या पुस्तकांतला कोणताच शब्द बदलायचा नाही का? रोआल्ड दाल यांच्या चॉकलेट कारखान्याच्या कादंबरीत १९६४ साली ऊम्पा-लूम्पा हे आफ्रिकेतून आणलेले काळे, बुटके कामगार होते. त्यावर वर्णद्वेषाची टीका झाली आणि लेखकाने हयातीतच, १९७३ मध्ये, ते वर्णन बदलले. इथे प्रश्न मोठ्यांच्या संकोचाचा नव्हता. हिणवल्या गेलेल्या माणसांचा, आणि ते पुस्तक हाती घेणाऱ्या त्यांच्या मुलांचा होता. ग्रिमच्या बदलांनी मुलांना ठाऊक असलेले दुःख झाकले. दाल यांच्या बदलाने कोणतेही सत्य झाकले गेले नाही.