पाकी कुठवर?

आपण वजू करतो, कपडे धुतो, मोरी घासतो. घर पाक झाले की आपले काम संपले, असे धरून चालतो. मोरीतून गेलेले पाणी मात्र कुणाच्या तरी दारात पोहोचतेच. मग पाकी आपल्या उंबरठ्याशी संपते काय?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरच्या घरांतून निघालेले सुमारे ४४ टक्के सांडपाणी नीट शुद्ध न होताच बाहेर पडले. श्रीमंत देशांत बहुतेक घरांचे सांडपाणी शुद्ध होते, गरीब देशांत थोड्याच घरांचे. पण सारा दोष गरिबीवर ढकलता येत नाही. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६. म्हणजे जे बांधले, तेही आपण पुरते वापरले नाही.

लंडनकडे पैसा होता. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने तिथली पार्लमेंट हैराण झाली, तेव्हा भव्य गटारे बांधली गेली. पण त्यांनी सुरुवातीला घाण शुद्ध केली नाही. शहराच्या पूर्वेला नेऊन पुन्हा नदीतच सोडली. खालच्या अंगाला राहणारा माणूस हिशेबात नव्हता. उलट पाण्याला तहानलेल्या जॉर्डनमध्ये अस-सम्रा येथील केंद्र २००८ पासून अम्मान आणि झरका शहरांचे सांडपाणी शुद्ध करते. त्याला परदेशी मदत मिळाली, हे खरे. पण ते पाणी आज जॉर्डन खोऱ्यातल्या शेतीला मिळते.

धर्म आड येतो, असेही कुणी म्हणू नये. १९७८ साली सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने निर्णय दिला की, मैलापाणी इतके शुद्ध केले की रंग, चव, वास यांत घाणीचा मागमूस उरला नाही, तर ते पाक होय. त्याने वजूही करता येतो. म्हणजे पाण्याची नापाकी कायमची नसते. मेहनत घेतली तर ती जाते.

मग उरतो प्रश्न दानतीचा. शेजाऱ्याचा हक्क आपण भिंतीपलीकडच्या घरापुरता मानतो. नदीच्या खालच्या अंगाचे गावही शेजारीच आहे. मते मागायला येणाऱ्यांना आपण नळाचे पाणी कधी येणार, हे विचारतो. गटाराचे पाणी कुठे सोडता, हे विचारत नाही. ते विचारणे हाही तहारतीचाच भाग आहे.