दोन दिवसांचा योग

हिवाळा लागला, शेतांत कापसाची वेचणी सुरू झाली, कीं जळगांव-धुळ्याकडील सुशिक्षितांस अलीकडे एक नवें आवतण येऊं लागलें आहे. शनिवारीं पहांटे यावें, रविवारीं सायंकाळीं परतावें. मध्यें आसनें, प्राणायाम, मौन आणि गीतोपनिषदांवर व्याख्यानें. अशा शिबिरास निघालेल्या एका गृहस्थांनीं आम्हांस संकोचानें विचारलें, "दोन दिवसांत योग कितीसा साधणार? आणि आजारी आईला धाकट्या भावावर टाकून तो साधावयास जाणें कोणत्या धर्मांत बसतें?" पहिला प्रश्न सोपा आहे. दुसऱ्यानें मात्र आम्हांस बरेच दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

काळ हें योगाचें माप नव्हे, हें खानदेशास कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नाहीं. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचें देऊळ आहे. हा योगी चौदाशें वर्षें जगला असें कथा सांगते. परंतु ज्ञानदेवांस पत्र लिहावयास बसला तों मायनाच सुचेना, म्हणून कोरा कागद धाडला. इतकीं वर्षें जगून हा कोराच राहिला, असें मुक्ताबाईनें त्यावरून ओळखलें आणि पुढें तीच त्याची गुरु झाली. तेव्हां दोन दिवस थोडे म्हणून शिबिरास हंसण्याचें कारण नाहीं.

आमची शंका निराळी आहे. पतंजलीच्या आठ अंगांत आसन तिसरें. त्याआधीं यम आणि नियम येतात. अहिंसा, सत्य, अस्तेय हे यम पाळावयास समोर दुसरें माणूस लागतें. शिबिरांत मौन असतें, तेथें खोटें बोलण्याचा प्रसंग येणार कोठून? तो दुकानांत येतो, कचेरींत येतो, घरीं तर रोज येतो. म्हणजे शिबिर तिसऱ्या पायरीपासून सुरू होतें आणि पहिल्या दोन पायऱ्या मनुष्य घरींच ठेवून आलेला असतो. (सतरंजी मात्र आठवणीनें आणतो.)

याच धुळ्यांत १९३२ सालीं गीतेचा एक अभ्यास झाला. कायदेभंगाच्या चळवळींत शिक्षा झालेल्या विनोबांनीं धुळ्याच्या तुरुंगांत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारीं एक, अशीं अठरा प्रवचनें दिलीं. साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. एका रविवारापासून दुसऱ्या रविवारापर्यंत सहा दिवस त्याच भिंतींआड, त्याच सोबत्यांत काढावयाचे होते. ऐकलेलें लगेच कसास लागत होतें. पण येथें एक अडचण आहे, ती आम्ही लपवीत नाहीं. त्या कैद्यांनींहि घरदार मागें टाकलेंच होतें, आणि दोन दिवसांसाठीं नव्हे. ते देशासाठीं गेले, हे स्वतःसाठीं जातात, असें उत्तर देतां येईल; तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. अमळनेरास १९१६ सालीं श्रीमंत प्रताप शेटजींच्या पुढाकारानें तत्त्वज्ञान मंदिर निघालें तें विद्वानांनीं निश्चिंतपणें चिंतन करावें म्हणूनच, आणि त्या चिंतनास आम्ही स्वार्थ म्हणणार नाहीं. साने गुरुजी कांहीं काळ तेथें होते. पुढें १९२४ सालीं त्याच गांवच्या शाळेंत शिक्षक झाले, छात्रालयांतील मुलांची सेवा करूं लागले. मंदिर वाईट म्हणून त्यांनीं असें केलें, असा तर्क आम्ही करीत नाहीं.

तेव्हां एकांत कोणासाठीं, यापेक्षां तो कोणाच्या जिवावर, हें पाहणें आम्हांस अधिक न्यायाचें वाटतें. त्या गृहस्थांस आम्हीं इतकेंच विचारलें: "भावाला विचारलेंत काय?" ते गप्प राहिले. त्यांनीं कळविलें होतें, विचारलें नव्हतें. दुसऱ्याची दोन रात्रींची झोप न विचारतां उचलली, तर अस्तेय घराच्या उंबऱ्यावरच मोडलें. पुढें पद्मासन कितीहि ताठ बसो. भावानें मनापासून होकार दिला असता, तर आम्ही त्यांस आनंदानें जा म्हटलें असतें.

परवां ते पुन्हां भेटले. या खेपेस आपण घरीं राहून भावालाच शिबिरास पाठविलें, असें म्हणाले. आई रात्रींतून किती वेळां उठते हें आजवर आपणांस ठाऊक नव्हतें, असेंहि म्हणाले.